सूर्याची वीज आणि सातबाऱ्यावरचं नाव

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



काल दिवसभर आपण रेशन, दारू आणि गटांच्या थकलेल्या कर्जांवर बोललो. आजच्या सत्राचा विषय ‘सौर वीज प्रकल्प’ असा लिहिलेला पाहून दोघी-तिघींनी विचारलं, “ताई, हा तर इंजिनियर लोकांचा विषय. यात बायकांचा काय प्रश्न?” प्रश्न रास्त आहे. मी काही इंजिनियर नाही. समाजकार्याची पदवी घेऊन गेली दहा वर्षं मराठवाड्यात गटांबरोबर काम करते. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या कामाच्या गावांमध्ये जमीन भाड्याने मागणारे लोक येऊ लागलेत. घरात चर्चा होते, पारावर होते, तलाठ्याच्या कचेरीत होते. गटाच्या बैठकीत मात्र होत नाही. जमिनीचा व्यवहार हा पुरुषांचा विषय असं आपणही धरून चालतो, आणि तिथेच आपलं नुकसान होतं. म्हणून आज हे सत्र ठेवलं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. सूर्यापासून वीज करण्याला आपला विरोध नाही. कोळसा जाळल्याने हवामान बिघडतं, पाऊस लहरी होतो, आणि त्याचा पहिला फटका कोरडवाहू शेतीला आणि डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला बसतो. तेव्हा सूर्याची वीज हवीच. आपला प्रश्न वेगळा आहे. ती वीज कुणाच्या जमिनीवर होते, त्या जमिनीवर आधी कोण राबत होतं, आणि आता पैसे कुणाच्या हातात पडतात?

आधी हे काम चालतं कसं ते थोडक्यात पाहू. शेतात लोखंडी सांगाड्यांवर निळ्या-काळ्या काचेचे पॅनेल बसवतात. ऊन पडलं की त्यात वीज तयार होते. ही वीज बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी असते. इन्व्हर्टर नावाचं यंत्र तिचं आपल्या घरात येते तशा विजेत रूपांतर करतं. मग ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवून ती सबस्टेशनात आणि तिथून मोठ्या तारांच्या जाळ्यात सोडतात. या जाळ्याला ग्रिड म्हणतात. कालव्यात सोडलेलं पाणी जसं कुणा एकाचं राहत नाही, तशी ग्रिडमध्ये गेलेली वीज त्या गावाची राहत नाही. ती जिथे मागणी असेल तिथे जाते. शिवारात हजारो पॅनेल असले तरी गावाला वीज मिळते ती वीज कंपनीकडून, बाकी गावांना मिळते तशीच. आणि सूर्य मावळला की हे पॅनेल थांबतात. साठवणुकीची सोय नसेल तर संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी लागणारा दिवा या विजेवर लागत नाही.

हे आपल्याला नवं नाही. कोयनेच्या धरणात साताऱ्याच्या डोंगरातली गावं गेली. तिथल्या विजेवर साठच्या दशकापासून मुंबई-पुण्याचे कारखाने चालले, आणि धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या पुनर्वसनासाठी मोर्चे काढत राहिल्या. वीज एकीकडे आणि झळ दुसरीकडे, हा हिशोब आपण ओळखतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगड तालुका आहे. तीन बाजूंनी आंध्रने वेढलेला, सततच्या दुष्काळाचा, पाण्यात फ्लोराइड असलेला हा भाग आहे. भुईमूग आणि नाचणी ही तिथली पिकं. पावसाने दगा दिला की माणसं बंगळूरची वाट धरतात. या तालुक्यातल्या तिरुमणी, वळ्ळूर अशा पाच गावांच्या मिळून सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॅटचं सौर उद्यान उभं राहिलं. त्यासाठी २०१५ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांनी मिळून एक कंपनी काढली. मार्च २०१८ मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि २०१९ च्या अखेरीस सगळं काम पुरं झालं. त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या सौर उद्यानांमध्ये त्याची गणना झाली.

पावगडाचं देशभर कौतुक झालं ते एका कारणाने. तिथे जमीन संपादन केली नाही, शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली. करार २८ वर्षांचा, भाडं एकरी वर्षाला २१,००० रुपये, आणि दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढ. सरकारी कंपनी जमीन घेते, रस्ते आणि सबस्टेशन बांधते, आणि बोली लावून आलेल्या वीज कंपन्यांना तुकडे वाटून देते. मालकी शेतकऱ्याचीच राहते.

यात चांगलं काय, तेही सांगायला हवं. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध मंत्रालयात विष घेतलं. जानेवारी २०१८ मध्ये ते गेले. एकदा मोबदला हाती टेकवला की जमीन कायमची जाते, त्या मानाने भाड्याची पद्धत नक्कीच बरी. जिथे चार वर्षांतून एकदा पीक हाती लागतं, तिथे दरवर्षी ठरलेला पैसा येणं ही मोठी गोष्ट आहे. पावगडातल्या अनेक जमीनमालकांनी या पैशातून कर्जं फेडली, घरं बांधली. त्यांना आपण मूर्ख म्हणू शकत नाही.

पण आपण गटातल्या बायका आहोत, हिशोब करायला शिकलो आहोत. तर हिशोब करू.

एका एकराला वर्षाला २१,००० म्हणजे दिवसाला साधारण ५८ रुपये. ज्याची दहा-वीस एकर जमीन आहे त्याला लाखांत पैसे मिळतात. ज्याचा एकच एकर आहे त्याचं घर दिवसाला ५८ रुपयांत चालत नाही. पूर्वी तो स्वतःचा एकर कसून उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात होता. आता दुसऱ्याचं रानही पॅनेलखाली गेलं.

दुसरा हिशोब भाडेवाढीचा. दोन वर्षांनी ५ टक्के ऐकायला बरं वाटतं. या दराने अठ्ठाविसाव्या वर्षी एकरी भाडं होतं सुमारे ३९,६०० रुपये. पण महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आज १०० रुपयांना मिळणारं सामान तेव्हा ३७० रुपयांच्या पुढे गेलेलं असेल. म्हणजे त्या ३९,६०० मध्ये तेव्हा जेवढं येईल, ते आज साडेदहा हजारांत येतं. कागदावर भाडं वाढत जातं, बाजारात निम्म्यावर येतं.

तिसरा हिशोब वाट्याचा. पावगडात एका मेगावॅटमागे सव्वासहा एकरांच्या आसपास जमीन लागली. तिचं सुरुवातीचं भाडं होतं वर्षाला साधारण १ लाख ३३ हजार. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात एक मेगावॅटमधून वर्षाला १६ लाख युनिटच्या आसपास वीज निघते. युनिटचा भाव ३ रुपये धरला तर ती ४८ लाखांची झाली. म्हणजे जमिनीच्या वाट्याला युनिटमागे आठ पैसे आले. कंपनीने काही कोटींचं भांडवल घातलेलं असतं, त्याचं व्याज आणि हप्ते असतात, हे खरंच आहे. पण करारावर सही करताना आठ पैसे हा आकडा ठाऊक असावा, म्हणजे भाव करता येतो.

आता येते आपल्या मुद्द्यावर. हे भाडं कुणाला मिळतं? ज्याचं नाव कागदावर आहे त्याला. कर्नाटकात त्या कागदाला पहाणी म्हणतात, आपल्याकडे सातबारा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतखातेदारांमध्ये बायका १४ टक्के आहेत, आणि त्यांच्याकडची जमीन १२ टक्क्यांहूनही कमी. उलट ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी जवळपास तिघी शेतीत राबतात. पेरणी, खुरपणी, काढणी, शेंगा तोडणं, बियाणं राखणं, सगळं बाईचं. जमीन पिकत असते तोवर या श्रमाला निदान घरात थोडी किंमत असते. धान्य घरात येतं, कणगी तिच्या ताब्यात असते, चार शेर विकून ती मुलाला वही घेते. त्याच जमिनीचं भाडं झालं की पैसा येतो थेट नवऱ्याच्या खात्यावर. पिकातला तिचा हात सुटतो आणि पैशावर तिचा हात पोचत नाही.

मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या मावशींनी मला विचारलं, “चाळीस वर्षं मी या रानातले दगड वेचले. आता त्या रानाचं भाडं येणार, तर त्यात माझ्या दगडांचं काय?” याचं कायद्यातलं उत्तर असं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांनीही १९९४ मध्ये तो दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीवर बायकोचा मालकीहक्क आपोआप नसतो. तो मिळवायचा तर नाव लावून घ्यावं लागतं.

आणि जिच्याकडे जमीनच नाही तिचं काय? पावगडाचा खरा धडा इथे आहे. तिथल्या भूमिहीन घरांना, ज्यात दलित कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, भाड्यातला एक पैसाही मिळण्याचं कारण नव्हतं. त्यांचं होतं ते भुईमुगाच्या हंगामातलं काम, बांधावरचा चारा, पडीक रानातलं जळण आणि चार शेळ्या. तेरा हजार एकरांना कुंपण पडलं तेव्हा हे सगळं कुंपणाच्या आत गेलं. चरायला रान उरलं नाही म्हणून शेळ्या-मेंढ्या विकाव्या लागल्या. बांधकाम चालू होतं तोवर मजुरी मिळाली. बांधकाम संपलं की सौर प्रकल्पाला माणसं फार थोडी लागतात. पुरुषांना पहारेकऱ्याची नोकरी, बायकांना ठेकेदारामार्फत पॅनेल पुसण्याचं आणि गवत काढण्याचं काम, तेही मोजक्या जणींना. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते, म्हणून ते धुवावे लागतात. जिथे बायका घागरभर पाण्यासाठी रांग लावतात, तिथे काचा धुवायला पाणी कुठून आणणार, हाही प्रश्न विचारावाच लागतो.

कुणी म्हणेल, हे तर प्रत्येक प्रकल्पात होतं. नाही, इथे एक बारकावा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, मोठ्या लढ्यानंतर, काही चांगल्या गोष्टी आल्या. ‘बाधित कुटुंब’ या शब्दात जमीनमालकाबरोबर त्या भागात तीन वर्षं राबणारे शेतमजूर, कुळं, कारागीरही आले. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रीला स्वतंत्र कुटुंब मानलं गेलं. परित्यक्तांसाठी आपल्या चळवळीने किती वर्षं घालवली हे इथल्या ज्येष्ठ मैत्रिणींना सांगायला नको. प्रकल्पाचे सामाजिक परिणाम आधी तपासायचे, हेही त्यात आलं. पण हे सगळं संपादनाला लागू. खाजगी जमीन राजीखुशीने भाड्याने घेतली की संपादन नाही, म्हणून परिणामांची तपासणी नाही, मजूर बाधित नाहीत, परित्यक्ता बाधित नाही. सौर पॅनेलच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरीही लागत नाही, त्यामुळे जनसुनावणी नाही. थोडक्यात, जमीनमालकाला सोयीची असलेली ही पद्धत भूमिहीन बाईला बोलायची एकही जागा ठेवत नाही. ती जागा आपल्यालाच तयार करायची आहे.

आता आपल्या गावात येऊ. महाराष्ट्रात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला. हे प्रकल्प पावगडाएवढे अवाढव्य नाहीत. काही मेगावॅटचे, गावाजवळच्या सबस्टेशनला जोडलेले असतात. त्यांची वीज त्या सबस्टेशनवरच्या शेतीपंपांना दिवसा मिळावी हा हेतू आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प दुसऱ्या टप्प्यात २०२४ मध्ये सुरू झाला. दिवसा वीज ही चांगली गोष्ट आहे. रात्री दोन वाजता थंडीत, विंचवाकाट्यात दारं धरायला जावं लागत नाही, याचं मोल बाईलाही कळतं. योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. एकरी पन्नास हजार, म्हणजे पावगडापेक्षा भाव बरा.

पण सरकारी जमिनीही या प्रकल्पांना नाममात्र भाड्याने दिल्या जातात. सरकारी जमीन म्हणजे आपल्या गावात काय? बहुतेक ठिकाणी गायरान. आणि गायरान रिकामं असतं का? मराठवाड्यात दलित, भटक्या-विमुक्त कुटुंबांनी ते कसून पोट भरलं आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय १९९१ मध्ये झाला, तरी अनेकांचा कागद अजून झालेला नाही. जी कसलेली नाही, तिथे शेळ्या चरतात, गोवऱ्या वेचल्या जातात, सरपण मिळतं. नकाशावर ‘उपलब्ध जमीन’ असं लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

म्हणून करायचं काय? मी काही मुद्दे मांडते. चर्चेत तुम्ही त्यात भर घाला.

पहिलं, नाव. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. शेतकरी संघटनेच्या मोहिमेनंतर १९९२ मध्ये सरकारने हा निर्णय काढला. कराराआधी हे करून घ्यायचं, नंतर नाही. करार झाल्यावर पैसा डोळ्यांसमोर दिसतो आणि नाव लावायला कुणी तयार होत नाही. विधवा मैत्रिणींनी वारसाचा फेरफार झाला आहे का ते आजच पाहावं. दीर परस्पर सही करून मोकळा होतो.

दुसरं, खातं. भाडं नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यावर यावं आणि दोघांच्या सहीशिवाय निघू नये. दारूचं गाव असेल तर हा मुद्दा सर्वांत आधी.

तिसरं, कागद. करार मराठीत हवा आणि प्रत घरी हवी. भाडं थकलं तर काय, कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर काय, मुदत संपल्यावर सांगाडे आणि काँक्रीट कोण काढणार, आपल्या जमिनीवर ते कर्ज काढू शकतात का, हे चार प्रश्न सही करण्यापूर्वी विचारायचे. एकटीने विचारलं की हसतात, पंचवीस जणी गेल्या की खुर्ची देतात.

चौथं, ग्रामसभा. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या कायद्यात आहे. त्या सभेत गायरानाचा विषय घ्या. कोण किती शेळ्या चारतं, सरपण कुठून येतं, कोण कधीपासून कसतं, याची यादी गटानेच करा. कुंपणातून वाट, चराईसाठी राखीव भाग, कसणाऱ्यांना वगळणं, हे ठरावात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

पाचवं, काम. पॅनेल धुण्याचं, गवत काढण्याचं काम भूमिहीन घरातल्या बायकांना आधी, किमान वेतनाने, आणि पुरुषाइतक्याच मजुरीने. शक्य असेल तिथे हे काम ठेकेदाराला न देता गटाला. आणि आपल्या मुलींना आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनच्या वर्गात बसवा. पाना-पक्कड धरायची नोकरी मुलांची आणि फडकं धरायची मुलींची, ही वाटणी नव्या प्रकल्पात जुनीच राहू नये.

सहावं, गावाचा पैसा. योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळायची तरतूद आहे. कमान बांधायची की पाण्याची टाकी, हे ठरवायला आपण हजर राहायचं.

हे सगळं एका बैठकीत होणार नाही. नवऱ्याकडे ‘माझं नाव लाव’ म्हणणं सोपं नाही, घरात त्यावरून भांडणं होतात, मारहाणही होते, हे मी पाहिलं आहे. म्हणून ही मागणी एकेकीने घरात नको, गटाने गावात करायची. गावात पाच जणींची नावं लागली की सहावीला बोलायला जोर येतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर आपण गावनिहाय बसू. प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहायच्या: गावात जमीन मागायला कुणी आलं आहे का, गायरान किती आणि ते आज कोण वापरतं, आणि गटातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे. सातबारा आता ऑनलाइन निघतो, आपल्या मुली मोबाईलवर काढून देतील. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा उतारा हातात घेऊन यायचं. ज्यांच्या घरी जमीन नाही त्यांनी गायरानाची यादी आणायची. त्यावर पुढचं काम ठरवू.

ज़िंदाबाद.